सतरा नंबरचा रिकामा दिवस

शुभा,

काल दुपारी फाईल गेली. ज्या फाईलवरून आपण भांडलो, तीच. पाठवायचं बटण दाबलं, उठून पाणी प्यायले, खिडकीशी उभी राहिले, तरी भीती काही जाईना. आज सकाळपासून सारखी ती उघडून पाहतेय. गेलेल्या फाईलकडे बघत बसून काय उपयोग, असं तू म्हणाली असतीस. तू शेजारच्या खुर्चीत असतीस तर मी ती उघडलीही नसती.

ऑफिसने मला तुझ्याबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्यात. नोटीस बोर्डावर फोटोखाली लावायच्या आहेत. कामसू, वक्तशीर, सर्वांना मदत करणारी, असं काहीतरी. मी बसले लिहायला आणि लक्षात आलं की तू वक्तशीर कधीच नव्हतीस. इंदिरानगरहून निघताना बोगद्यात अडकले, हे तुझं ठरलेलं कारण, आणि बोगदा मोकळा असेल त्या दिवशीही तू त्यातच अडकायचीस. त्या चार ओळी कुणीतरी दुसरं लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय, कारण अजून भीती वाटते आहे आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

बाहेरच्या माणसाला आपलं भांडण सांगायला गेलं की तो हसतो. माझ्या भावाला सांगितलं तर म्हणाला, तारखेवरून काय भांडायचं, कॅलेंडर बघा. त्याला काय सांगू? संगणकाला तारीख कळतच नाही, त्याला कळतो नुसता आकडा. आपलं सॉफ्टवेअर १ जानेवारी १९६० हा शून्यावा दिवस धरून पुढे मोजतं. दवाखान्यांतून येणारी एक्सेल शीट १९०० सालापासून मोजते. कुणी तारीख सलग आठ आकड्यांत लिहून पाठवतं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. डोळ्यांना ती तारीख वाटते, यंत्राला ती दोन कोटींच्या वरची एक संख्या असते. औषधांच्या अभ्यासातली अशी सगळी आकडेवारी आपल्याकडे यायची आणि तिच्यातून माणसाला वाचता येईल अशी खरी तारीख काढायची, हे आपलं काम. तू ते माझ्या आधीपासून करत होतीस आणि मला शिकवलंसही तूच.

पहिल्याच आठवड्यात मी एक्सेलचे आकडे तसेच उचलून आपल्या सॉफ्टवेअरला दिले. मधला साठ वर्षांचा फरक वजा करायचा असतो, हे मला कुठे ठाऊक. पेशंट २०८३ साली गोळ्या घेऊ लागले. तू माझ्या स्क्रीनकडे बघितलंस, चहाचा कप खाली ठेवलास आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, तेव्हा आपण दोघीही नसू, गोळ्या घेतल्या की नाही हे बघायला कुणाला पाठवायचं ते आत्ताच ठरवून ठेव. दुसऱ्या दिवशी मी आठ आकडी संख्येला सरळ तारखेचं रूप द्यायला गेले, तर तारखेच्या जागी नुसत्या * * * अशा चांदण्यांच्या ओळी उमटल्या. मला रडू येत होतं आणि तू म्हणालीस, आकाश छान निघालंय आज. मग बाजूला बसवून दाखवलंस, आधी त्या संख्येचे अक्षरांसारखे तुकडे करायचे, कुठला तुकडा वर्ष आणि कुठला महिना ते यंत्राला सांगायचं, मग त्याची तारीख होते. तू कधीच ओरडली नाहीस, फक्त चिडवलंस. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

आणि एक जूनचा गोंधळ. दिंडोरीकडच्या एका केंद्राची, म्हणजे अभ्यासातल्या दवाखान्याची, माहिती आली होती आणि त्यातले निम्मेअधिक म्हातारे-म्हाताऱ्या एक जूनला जन्मलेले निघाले. मला वाटलं, रिकाम्या तारखांच्या जागी माझ्या प्रोग्रामनेच एक जून कोंबलाय. अख्खी दुपार मी चूक शोधत होते. शेवटी तुला विचारलं, तर तू खुर्चीत मागे रेलून हसतच सुटलीस. अगं, ती मास्तरांची तारीख, म्हणालीस. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचा जन्म कधीचा ते आईबापाला सांगता यायचं नाही, मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. अर्धा महाराष्ट्र एक जूनचा आहे.

मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही पंचवटीतले, बाबा भिक्षुकी करणारे गुरुजी, घरात प्रत्येकाची पत्रिका, जन्माची घटिका-पळं लिहिलेली. तू निफाडकडच्या शेतकऱ्याची मुलगी. मग तू सांगितलंस की तूही एक जूनचीच. तुझ्या आई, आमच्या काकू, म्हणायच्या, तू छाटणीतली, म्हणजे द्राक्षाची छाटणी चालू होती तेव्हा झालीस, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास कधीतरी. ऑफिस दर एक जूनला तुझ्यासाठी केक आणायचं, तू तो आवडीने खायचीस आणि शेवटच्या घासाला विचारायचीस, बरं, वाढदिवस कुणाचा होता? सगळे हसायचे. मीही हसायचे. आपलं भांडण झालं त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तुला त्यात हसण्यासारखं फारसं वाटत नव्हतं.

भांडण सतरा नंबरवरून. आपल्याला पेशंटची नावं कळत नाहीत, नंबरच कळतात. सतरा नंबर म्हणजे सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची बाई. तिने औषध सुरू केलं त्याची तारीख पक्की होती, जुलैच्या मध्यावरची. अंगाला खाज सुटल्याची तक्रारही नोंदवलेली होती, पण तिच्यात महिना आणि वर्ष, दिवस रिकामा. जुलै, एवढंच. आता खाज आधी आणि गोळ्या नंतर, की गोळ्या आधी आणि खाज नंतर? आधी सुटली असेल तर औषधाचा काही दोष नाही. नंतर सुटली असेल तर ती औषधाच्या खात्यावर जाते, आणि तशा तक्रारी वाढल्या तर ते औषध कुणाला द्यायचं न द्यायचं हे बदलतं. एका रिकाम्या चौकटीत ध चा मा होणार होता.

मी म्हटलं, नियम आहे. दिवस माहीत नसेल तर जो दिवस औषधाला दोषी धरेल तो घालायचा, म्हणजे आपल्याकडून काही लपलं जात नाही. तू म्हणालीस, नाही घालायचा. मी म्हटलं, रिकामी ठेवली तर प्रोग्राम ती ओळच गाळून टाकेल, मग त्या बाईची तक्रार असून नसल्यासारखी. तू म्हणालीस, मग प्रोग्राम बदल, बाई बदलू नकोस. माझाही आवाज चढला. आणि मला वाटलं माझ्याकडे हुकमाचं पान आहे. मी म्हटलं, शास्त्रातसुद्धा आहे. माणूस कोणत्या तिथीला गेला ते माहीत नसेल तर त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. माझे बाबा वर्षानुवर्षं करताहेत. रिकामी तिथी भरायची पद्धत तुझ्या-माझ्या आधीपासूनची आहे.

एरवी तू बाबांवरून मला चिडवायचीस, तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डेट कन्व्हर्जनच चालतं म्हणून. त्या दिवशी चिडवलं नाहीस.

"ते मेलेल्या माणसासाठी, प्रज्ञा. त्याला विचारता येत नाही म्हणून. ही बाई जिवंत आहे ना?"

मी म्हटलं, विचारून झालंय. आपण लेखी विचारलं होतं, केंद्राकडून लेखी उत्तर आलं होतं, दिवस आठवत नाही. आणखी किती विचारायचं? पुढच्या बुधवारपर्यंतच वेळ आहे, त्या दिवशी फाईल जायला हवी. तू पर्स उचललीस आणि म्हणालीस, मला विचारलं नव्हतं मास्तरांनी. माझी आई बाहेरच उभी होती. मग तू गेलीस. सोमवार होता. मी मान वर करून बघितलंही नाही, कारण मला राग आला होता, आणि खरं सांगते, तुझं म्हणणं पटत नव्हतं. अजूनही अर्धंच पटतं.

मंगळवारी सकाळी तू गेलीस. चहा करताना. शेजाऱ्यांनी गाडी काढली, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी रिक्षात होते आणि पहिला विचार काय आला सांगू? हिचं आणि माझं अजून संपलं नव्हतं, असा. रडू नंतर आलं.

अस्थी घेऊन काकू आणि तुझे मामा गोदेवर आले, तेव्हा विधी बाबांनीच केला. मी आग्रह धरला होता. बाबांनी विचारलं, वेळ काय होती? त्या सकाळी तिथी बदलत होती, म्हणून वेळ लागत होती. दवाखान्याच्या कागदावरची वेळ ही तिथे पोहोचल्यानंतरची, आणि तू तर घरातच गेली होतीस. मामा म्हणाले, साडेसहा-सात असतील. साडेसहा की सात, त्यात तिथी इकडची तिकडे होते, आणि दरवर्षी तुझं पान ज्या दिवशी मांडायचं तो दिवसच चुकला तर? मी बाबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, नक्की कळेपर्यंत काही ठरवू नका. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकूंसमोर खाली बसले आणि म्हणाले, वेळ राहू द्या, तेव्हा काय चाललं होतं ते सांगा.

"दूधवाला येऊन गेला व्हता," काकू म्हणाल्या. "तिनं दूध तापाया ठेवलं. उतू गेल्याचा वास आला तवा मी आत गेले."

दूधवाला कधी येतो ते मामांनी फोन करून विचारलं. बाबांनी पंचांगात बघितलं आणि तिथी सांगितली. काकूंनी ती दोनदा म्हणून घेतली, विसरू नये म्हणून. मी मात्र घरी येऊन पुन्हा पंचांग काढलं, मिनिटं मोजली, आणि बाबा बरोबर आहेत हे दिसल्यावरही माझं समाधान होईना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी त्या आठवड्यात पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

कारण फाईल आता माझ्या एकटीच्या सहीने जायची होती. तारखांचा सगळा प्रोग्राम तुझा. साहेब म्हणाले, शुभदाने लिहिलंय म्हणजे बघायला नको. मला उलट वाटत होतं. तू असताना चूक निघाली असती तर तू चहा पिता पिता ती दुरुस्त केली असतीस आणि वर मलाच चिडवलं असतंस. आता निघाली तर ती तुझ्या नावावर कायमची राहणार आणि तू काही बोलूही शकणार नाहीस. म्हणून मी एकेक ओळ तपासली. १९६० चा फरक, आठ आकड्यांचे तुकडे, दिवस आधी की महिना आधी, सगळं. १९६० च्या आधी जन्मलेल्यांचे आकडे उणे येतात, तिथेही बघितलं. त्या ओळीपाशी थांबले, कारण वडिलांबद्दल तू मला एकदा सांगितलं होतंस, माझे अण्णा उणे आहेत, म्हणून तर घरात एवढा दरारा होता. शुभा, मी ऑफिसात एकटी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसले. तुझ्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. फक्त सतरा नंबरच्या जागी तू काहीच लिहिलेलं नव्हतंस, आणि पुढचा मंगळवार उजाडला तरी मीही काही लिहू शकले नव्हते.

मला माझा नियम वापरता आला असता. कुणी हरकत घेतली नसती. बोटं कळफलकावर होती. पण तू समोर नसताना तुझ्याविरुद्ध जिंकायचं म्हणजे काय जिंकणं? शेवटी म्हटलं, शेंडी तुटो वा पारंबी तुटो, आणि सुरगाण्याकडच्या केंद्रावरच्या सिस्टरना फोन लावला. पेशंटशी आपण बोलायचं नसतं, पण सिस्टरना विचारायला बंदी नाही.

सिस्टरनी आवाज ऐकताच ओळखल्यासारखं केलं. "मॅडम, अहो मागच्या मंगळवारी करणार होतात ना फोन? बाईला बसवून ठेवलं होतं मी."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. आपलं भांडण झालं त्या सोमवारी, पर्स घेऊन बाहेर पडलीस ती तू जिन्यातूनच सिस्टरना फोन लावला होतास. मंगळवारी तिथे आठवडे बाजार असतो, सतरा नंबरची बाई पाड्यावरून बाजाराला उतरते, तर तिला अकराच्या सुमाराला दवाखान्यात बसवा, असं सांगितलं होतंस. तारीख विचारणार नाही, नुसत्या गप्पा मारणार आहे, असंही म्हणाली होतीस. मला सांगितलं नाहीस. तू दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन, काही न बोलता, नुसता कागद पुढे सरकवणार होतीस. तुझी ती पद्धत मला पाठ आहे. आपलंच घोडं पुढे दामटायचं, पण पुरावा हातात घेऊन.

सिस्टर म्हणाल्या, आजही बाजार आहे, बाई इथंच आहे, ड्रेसिंगसाठी आलीये, विचारा काय विचारायचं ते. मी फोन तसाच कानाला धरून बसले. मी ती मॅडम नाही, हे सांगायला हवं होतं, पण तेवढा क्षणभर मला कुणी तू समजत होतं आणि ते मोडवेना. मी सिस्टरना म्हटलं, तारीख विचारू नका, खाज सुटली तेव्हा काय चाललं होतं ते विचारा. सिस्टरनी फोन स्पीकरवर टाकून विचारलं आणि लांबून बाईचा आवाज आला.

"आवणी चालू व्हती. चिखलात हुबं राहून पाय लय खाजायचे, मंग अंगभर झालं. आवणी उरकली, तवा मी दवाखान्यात आले नि ह्या गोळ्या दिल्या."

आवणी म्हणजे भाताची लावणी. ती चालू असताना पाड्यावरून कुणी खाली उतरत नाही, हे सिस्टरनाही माहीत होतं. म्हणजे खाज आधी, गोळ्या नंतर. माझ्या नियमाने मी त्या औषधाला उगाच दोषी ठरवणार होते. आणि प्रोग्राम न बदलता नुसती चौकट रिकामी ठेवायचा तुझा हट्ट चालला असता तर ती ओळ गळाली असती, हेही खरं, त्यामुळे फार खूश होऊ नकोस. कोणता दिवस, ते बाईला अजूनही सांगता आलं नाही. तो आपल्याला नकोच होता. आधी की नंतर, एवढंच हवं होतं, आणि आपण दोघी दिवसावरून भांडत बसलो होतो. सिस्टरनी तिकडे तशी नोंद करून सही केली. आपल्याकडे मी दिवसाची चौकट रिकामी ठेवली, शेजारच्या रकान्यात 'औषध सुरू होण्याआधी' असं घातलं, आणि ओळ गळू नये म्हणून प्रोग्राम बदलला. तू म्हणाली होतीस तसा. काल फाईल गेली ती अशी. बरोबर केलं ना? तू हो म्हणाली असतीस असं वाटतं, पण वाटण्यावर विसंबायचं नाही हेही तूच शिकवलंस, आणि आता विचारायचं कुणाला?

फोन ठेवायच्या आधी बाई मागून काहीतरी म्हणाली. सिस्टर हसून म्हणाल्या, ती रागावलीये तुमच्यावर. मागच्या वेळी दुपारपर्यंत बसली, तिची नागली, म्हणजे नाचणी, विकायची राहिली. म्हणतीये, शहरातली बाई, बोलली नि इसरली.

तेव्हा मला सांगावं लागलं. म्हटलं, सिस्टर, ती मी नव्हते. ती माझी मैत्रीण होती. ती गेली. मग सिस्टरनी हळू आवाजात बाईला सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि मग बाईनेच फोनच्या जवळ येऊन विचारलं.

"कवा गेली?"

शुभा, तारीख माझ्या ओठांवर होती. तिथीही होती, मिनिटांसकट. त्यातलं काहीच तिच्या उपयोगाचं नव्हतं.

"तुम्ही तिच्या फोनची वाट बघत बसला होतात ना," मी म्हटलं, "त्याच दिवशी. सकाळी."

बाजारातली कुणाचीतरी हाक ऐकू येत होती.

"मंग इसरली नाय ती," बाई म्हणाली.

नाही, म्हटलं. विसरली नाही.